अब्बांचे श्रवणयंत्र

सोलापूर म्हटले की लोकांना चादर आठवते. आमच्या शहरात पूर्वीपासून हातमाग होते. 1877 साली येथे पहिली कापडगिरणी सुरू झाली. तिला सगळे 'जुनी गिरणी' म्हणत. पुढे विजेवर चालणारे यंत्रमाग घरोघरी, गल्लोगल्ली आले. हातमागावर विणकर आपल्या हाताने धोटा फेकतो. यंत्रमागावर तेच काम यंत्र करते. कापड भराभर विणले जाऊ लागले आणि हजारो घरांच्या चुली पेटल्या. आमच्या घरची चूलही यंत्रमागामुळेच पेटत असे.

पण यंत्रमागाचा आवाज फार मोठा असतो. धोटा जोरात फेकला जातो, दुसऱ्या बाजूला आपटतो आणि लगेच परत फेकला जातो. एका छपराखाली वीस-पंचवीस माग चालू असले, तर शेजारच्या माणसाचे बोलणेही ऐकू येत नाही. कामगार ओठांची हालचाल पाहून आणि हातांनी खुणा करून एकमेकांशी बोलतात. माझ्या अब्बांनी अशा कारखान्यात 30 वर्षे काम केले.

अब्बांना गाण्यांची फार आवड. कामावरून आले, हातपाय धुतले, की ते रेडिओ लावत. महम्मद रफी यांचे गाणे लागले, की जेवणाचे ताट पुढे असूनही ते डोळे मिटून ऐकत बसत. हळूहळू ते रेडिओचा आवाज वाढवू लागले. अम्मी म्हणायची, "अहो, जरा हळू लावा, शेजारी झोपलेत." अब्बा म्हणायचे, "मोठा कुठे आहे?" मग त्यांना दारावरची थाप ऐकू येईना. नातवंडांचे बोलणे समजेना. लोक हसतील म्हणून ते चारचौघांत बसेनासे झाले. शेवटी त्यांनी रेडिओ लावणेही सोडून दिले.

मी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेले. मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून डॉक्टरांनी मला सगळे नीट समजावून सांगितले. आपल्या आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखा एक लहान अवयव असतो. त्यात सुमारे 15 हजार अतिशय नाजूक केशपेशी असतात. त्या आवाजाची खबर मेंदूकडे पाठवतात. रोज आठ तास 85 डेसिबलपेक्षा मोठा आवाज कानावर पडत राहिला, तर या पेशी हळूहळू मरतात. माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. दुखत नाही, रक्त येत नाही, म्हणून ते लवकर लक्षातही येत नाही.

डॉक्टरांनी श्रवणयंत्र सुचवले. बोटाच्या पेराएवढी ती वस्तू पाहून मला तिच्या जन्माची कथा आठवली. 1947 साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला. 1952 च्या सुमारास तो श्रवणयंत्रात वापरला जाऊ लागला आणि 1954 मध्ये ट्रान्झिस्टर रेडिओ बाजारात आला. एकाच लहानशा शोधाने बहिऱ्याला आवाज दिला आणि गरिबाच्या घरात गाणे आणले! विज्ञान एका खोलीत औषध आणि दुसऱ्या खोलीत संगीत असे वेगळे ठेवत नाही.

श्रवणयंत्र लावल्यावर अब्बांना आमचे बोलणे पुन्हा समजू लागले. ते पुन्हा चहाच्या टपरीवर मित्रांमध्ये जाऊन बसू लागले. याचा आम्हांला केवढा आनंद झाला! पण एक दिवस गाणे ऐकता ऐकता ते म्हणाले, "बेटा, ऐकू येते, पण पहिल्यासारखे गोड लागत नाही." यंत्र आवाज मोठा करते, मेलेल्या पेशी जिवंत करत नाही.

आपल्या जवळच्या मिरजेत राहणारे उस्ताद अब्दुल करीम खाँ 1937 मध्ये वारले, पण ध्वनिमुद्रिकांमुळे त्यांचे गाणे आजही ऐकता येते. गवयाचा आवाज यंत्राने जपला. ऐकणाऱ्याचा कान मात्र आपणच जपला पाहिजे.

त्यासाठी फार खर्च लागत नाही. कानात घालायची फोमची लहान बुचे औषधाच्या दुकानात थोड्या पैशांत मिळतात. अब्बांच्या कारखान्यात ती कोणी दिली नाहीत आणि कामगारांनीही कधी मागितली नाहीत, कारण अशी वस्तू असते हेच त्यांना माहीत नव्हते. मुलांनो, तुम्हांला आता ते माहीत झाले आहे. तुमच्यापैकी अनेकांचे अब्बा, चाचा किंवा भाईजान मागावर काम करतात. आज घरी गेल्यावर त्यांना ही गोष्ट अवश्य सांगा. आणि तुम्ही स्वतः इअरफोन लावाल, तेव्हा मोबाइलचा आवाज निम्म्याच्या आसपासच ठेवा.