बारा मैलांच्या पलीकडे

तुमसरच्या माणसाला पाणी ठाऊक असते ते वैनगंगेचे, बावनथडीचे आणि धानाच्या बांधीतले. आम्हा उभयतांना समुद्र माहीत होता तो श्रीपाळ रासातला. चैत्र आणि आश्विनातील ओळीत दरवर्षी ऐकलेली ती भरूच बंदरात अडकलेली पाचशे जहाजे, नवपदाच्या स्मरणाने त्यांना मोकळे करणारा श्रीपाळ आणि संपत्तीच्या लोभाने त्यालाच पाण्यात ढकलणारा धवल शेठ! म्हणून लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसानिमित्त मुलांनी मुंबई-कोची-मुंबई अशा आलिशान जहाजाची तिकिटे हाती ठेवली, तेव्हा सौभाग्यवतीने पहिला प्रश्न विचारला तो भोजनाचा आणि दुसरा हद्दीचा.

तिने काही वर्षांपूर्वी चातुर्मासात बारा व्रते घेतली आहेत. सहाव्या दिशापरिमाण व्रतात तिची मर्यादा आहे भारताची हद्द. मुलांनी हसून सांगितले, "आई, मुंबई भारतात, कोची भारतात. पासपोर्टसुद्धा लागत नाही." मलाही ते पटले. धानाचा हंगाम ओसरल्यावर, माघ महिन्यात, आम्ही निघालो.

बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावरून ते जहाज पाहिले आणि आमची राईस मिल मला खेळण्यातली वाटली. आत नाटकगृह, पोहण्याचा तलाव, दुकाने. गालिचे असे की पावलांचा आवाज होऊ नये. जैन भोजनाची वेगळी व्यवस्था होती, आणि कंदमूळ वर्ज्य म्हणजे काय हे आचाऱ्याला समजावून सांगावे लागले नाही. रात्रीचे जेवण मात्र सूर्यास्तानंतर असे. आमचा चौविहार कळल्यावर साडेपाचलाच ताटे मांडली जाऊ लागली. पच्चक्खाणाचे कोष्टक आम्ही घरून नेले होते, ते निरुपयोगी ठरले. मुंबईचा सूर्य तुमसरपेक्षा सुमारे अर्धा तास उशिरा उगवतो. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही डेकवर उभे राहून प्रत्यक्ष सूर्य पाहिला आणि तेथून अठ्ठेचाळीस मिनिटे मोजून नवकारशी पारली. ती रोज चौदा नियम धारते. त्या दिवशी वाहनाच्या नियमात तिने एकच धारले, जहाज. "एवढं सोपं कधी नव्हतं," ती म्हणाली.

त्याच दुपारी माझी चौकस बुद्धी नडली. भिंतीवरील पडद्यावर जहाजाची वाट दाखवीत होते. शेजारी उभ्या असलेल्या एका अधिकाऱ्याला मी सहज विचारले, भारताची हद्द कोठे संपते? किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांवर, म्हणजे सुमारे बावीस किलोमीटरवर; 1976 चा कायदा तसा आहे, असे त्याने सांगितले. आणि सहजच पुढे म्हणाला, "ती तर केव्हाच मागे पडली."

मी केबिनमध्ये परतलो. ती माळ फिरवीत होती. सांगावे की सांगू नये? सांगितले तर तिचा प्रवास नासणार, आणि मध्यसमुद्रात उपाय तरी कोणता? अशी माझी मी समजूत घातली. व्यापाऱ्याला स्वतःची समजूत घालणे फार लवकर जमते. संध्याकाळी ती कटासणे अंथरून प्रतिक्रमणाला बसली. मी बाहेर कठड्याला टेकून काळे होत जाणारे पाणी पाहत राहिलो, आणि रासातला धवल शेठ डोळ्यांपुढून हलेना.

सकाळी कोची आले. जहाज विलिंग्डन बेटाला लागते. बंदर खोल करताना निघालेल्या गाळातून घडवलेले हे बेट. सहलीच्या बसने आधी चिनी जाळी पाहायला नेले. बाकीचे प्रवासी छायाचित्रे काढीत होते, आम्ही पाठ फिरवून उभे राहिलो. मग मट्टांचेरी. तेथे गल्लीत शिरताच मिरी आणि सुंठीचा वास आला, आणि गुजराती रोडवर 1904 साली बांधलेले धर्मनाथ भगवंतांचे मंदिर दिसले. कच्छ-गुजरातेतून आलेल्या व्यापाऱ्यांनी परमुलखात गोदामांच्या शेजारी देरासर उभारले! मी पोते चाचपून सुंठ आणि मिरी विकत घेतली. दर विचारल्यावाचून राहवले नाही. दर्शन झाले. दुपारी अंगणात कबुतरांना दाणे घालतात, तेथे आम्ही बसलो असताना मी तिला सांगून टाकले.

ती बराच वेळ बोलली नाही. मग विचारले, "तुम्हाला कधी कळलं?"

"काल दुपारी."

"म्हणजे मी प्रतिक्रमणाला बसले तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं."

याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. थोड्या वेळाने ती शांतपणे म्हणाली, "नकळत गेले, त्याची आलोचना घेईन. आता कळून परत त्याच वाटेने कशी जाऊ? मी रेल्वेने जाते. तुम्हाला व्रत नाही, तुम्ही जहाजाने या."

मी युक्तिवाद करून पाहिला. दोनशे मैलांपर्यंत मासे आणि तेलावर आपल्याच देशाचा हक्क असतो, असेही सांगितले. ती म्हणाली, "मासे आणि तेल राहू द्या. हद्द कुठे ते तुम्हीच सांगितलंत ना?"

जहाजावर जाऊन आम्ही सामान उतरवले. कागदपत्रांचे सोपस्कार झाले, परतीचे पैसे अर्थातच बुडाले. मुलांना फोनवर समजावण्यात एक तास गेला. दुसऱ्या दिवशीच्या केरळ एक्सप्रेसमध्ये कशीबशी जागा मिळाली. गाडीत ती पहिल्या दिवशी माझ्याशी कामापुरतेच बोलली. बल्लारशाह आले तेव्हा मात्र स्वतः होऊन पाण्याची बाटली पुढे केली आणि म्हणाली, "सूर्योदय पहिल्यांदा इतका मोकळा पाहिला, हे खरं." नागपुरात गाडी बदलून आम्ही तुमसर रोडला उतरलो. मोठा मुलगा घ्यायला आला होता. त्याने काही विचारले नाही.

पुढे विहारात साध्वीजी महाराज आल्या, तेव्हा तिने आलोचना घेतली. तिच्यामागून मीही गेलो आणि घडले ते सारे सांगितले. तिला दोन आयंबिले मिळाली, मला पाच. आज माझे चौथे आहे. आयंबिलात आमच्याकडे मिरी आणि सुंठ चालते. ती मट्टांचेरीचीच वापरतो आहोत.