पायाखालची जमीन

जुने छायाचित्र हाती आले की मी आधी माणसाच्या पायांकडे पाहतो. विल्यम जॉन्सन हा मुंबईत स्टुडिओ चालवणारा इंग्रज छायाचित्रकार. शहरातल्या जातिजमातींच्या छायाचित्रांचे त्याचे दोन खंड १८६३ आणि १८६६ मध्ये लंडनला निघाले. त्यातली माणसे मुंबईतल्या खऱ्या देखाव्यांपुढे उभी दिसतात. पण ती टिपली स्टुडिओत आणि मागाहून दुसऱ्या निगेटिव्हवरच्या देखाव्यात बसवली. पायांशी पडायला हवी ती सावली कुठे भलतीकडेच पडते, कुठे पडतच नाही.

मी आजही त्याच काळच्या ओल्या काचेच्या पद्धतीने पोर्ट्रेट करतो. काचेवर कलोडियन ओतायचे, ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची आणि ओली आहे तोवर एक्स्पोजर, डेव्हलपिंग सगळे उरकायचे. समोरच्याला काही सेकंद निश्चल राहावे लागते. मान हलू नये म्हणून मागून लोखंडी टेकू लावावा लागतो. या काचेला तांबडा-पिवळा उजेड जवळजवळ दिसत नाही, म्हणून सावळी त्वचा आहे त्याहून काळी उमटते. काम करताना मला पक्के कळले आहे, की यातले निम्मे श्रम समोर बसलेल्याचे असतात.

त्या श्रमांच्या बदल्यात तेव्हा समोर बसलेल्याला काय मिळाले? छापाखाली जातीचे नाव. १८५७ नंतर राज्यकर्त्यांना प्रजा ओळखून हवी होती. त्यासाठीच १८६८ ते १८७५ या काळात निघालेल्या ‘द पीपल ऑफ इंडिया’ या सरकारी ग्रंथमालेच्या आठ खंडांत साडेचारशेहून अधिक छायाचित्रे आहेत. सोबतच्या मजकुरात कोणती जमात राजनिष्ठ, कोणती चोरटी, याचे निवाडे आहेत. सरदार-संस्थानिकांची नावे येतात. बहुतेक इतर माणसे नुसते नमुने होऊन उरतात. काचेवर एकेक चेहरा स्वच्छ उमटला होता. तो पुसला पानाने.

कॅमेरा तेव्हाही केवळ साहेबाच्या हाती नव्हता. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी त्याच काळात मुंबईत छायाचित्रे काढत होते. आज तर कॅमेरा आपल्या प्रत्येकाच्या खिशात आहे. म्हणून वारीत, जत्रेत, पाड्यावर फोटो काढाल तेव्हा आधी विचारा. ‘वारकरी’, ‘आदिवासी स्त्री’ एवढ्यावर भागवू नका. त्यांची हरकत नसेल तर खाली नाव लिहा. आणि एक प्रत त्यांच्या घरी पोचती करा.