वेधशाळेची वही

पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये भावनगरच्या तख्तसिंगजी महाराजांच्या देणगीतून १८८८ साली जी वेधशाळा स्थापन झाली, जिच्यात वीस इंची ग्रब परावर्तक दुर्बीण होती आणि जिचे संचालक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी १८९८ चे खग्रास सूर्यग्रहण सोलापूर जिल्ह्यातील जेऊरला तळ देऊन वेधले, ती वेधशाळा १९१२ साली त्यांच्या निवृत्तीबरोबर बरखास्त होऊन तिची सामग्री कोडाईकनालला रवाना झाली. तालुक्याच्या गावी महाविद्यालयाची लहानशी वेधशाळा सांभाळताना या हकिगतीचे मला वारंवार स्मरण होते. दुर्बीण संस्थेच्या दप्तरी जमा असते. परंतु वेध घेण्याचा शिरस्ता एकट्या अध्यापकाच्याच अंगी असला, तर तो त्याच्याबरोबर सेवानिवृत्त होतो.

म्हणून शनीची कडी दाखवण्यापूर्वी (ती दाखवावीतच, प्रथमदर्शनी मुलांच्या तोंडून निघणारा उद्गार मला आजही हवासा वाटतो) मी विद्यार्थ्यांना अल्गोलकडे वळवतो. ययाती तारकासमूहातील हा तारा दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी, त्याचा अंधुक सहचर आड येताच, २.१ प्रतीवरून ३.४ प्रतीपर्यंत मंदावतो आणि सुमारे दहा तासांत पूर्ववत होतो. त्यासाठी दुर्बीण नको, अनुदान नको, मंजुरीही नको. यॉर्कच्या जॉन गुडरिक या अठरा वर्षांच्या कर्णबधिर तरुणाने हे आवर्तन नुसत्या डोळ्यांनी हुडकून १७८३ साली रॉयल सोसायटीला कळवले, हे ऐकले की मागच्या बाकावरची मुलेही सावरून बसतात. मग रात्री गच्चीवर अंधाराला डोळे सरावेपर्यंत अर्धा तास स्वस्थ बसावे, आसपासच्या स्थिर तेजाच्या ताऱ्यांशी अल्गोल ताडून पाहावा, आणि शेजाऱ्याने काय लिहिले हे न विचारता आपला अंदाज वेळेसह वहीत नोंदवावा. निरनिराळ्या हातांच्या अशा नोंदी आलेखावर मांडल्या की वक्राचा तळ उघड होतो, आणि पिधानकारी युग्मतारा म्हणजे काय, हे त्यांना स्वतःच्या साक्षीने पटलेले असते.

घुमटाची किल्ली व ही वही दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या ताब्यात असावी आणि पहिल्या वर्षाला त्यांनीच शिकवावे, हा माझा आग्रह आहे. आषाढात बुरशीच्या भयाने नेत्रिका सिलिका जेलच्या डब्यात बंद होतात, वही होत नाही. ज्या रात्री आभाळ असेल त्या तारखेपुढे ‘ढग’ एवढे तरी लिहिलेच पाहिजे, कारण कोऱ्या ओळीवरून आकाश झाकलेले होते की कोणी वर गेलेच नव्हते, हे पुढल्या तुकडीला कळायचे नाही.