म्यूरेनचा बेत

बर्फावरून घसरण्याची हौस आमच्या मुलांची; आम्हा उभयतांना ओढ होती ती जुन्या लाकडी घरांच्या एखाद्या शांत खेड्याची. पुष्कळ खल होऊन स्वित्झर्लंडमधील म्यूरेन ठरले. लाउटरब्रुनेनच्या दरीवर, सुमारे १६५० मीटर उंचीवर हे गाव वसले आहे. समोर आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ ही शिखरे. हल्लीच्या उबदार हिवाळ्यांत सखल गावांना बर्फाचा भरवसा उरलेला नाही, म्हणून ही उंची आम्ही मुद्दाम पाहिली. १९३१ साली आल्पाइन स्कीइंगची पहिली जागतिक स्पर्धा येथेच झाली, हे मुलांनी आम्हांस दहादा तरी ऐकवले!

अडचण होती मातोश्रींची. गावात मोटार जात नाही. दरीतून पाळण्याने वर चढायचे, पुढे छोटी आगगाडी. दुखऱ्या गुडघ्यांनी निसरड्या वाटेवर चालावे कसे? त्यांना बडोद्यासच ठेवण्याची भाषा निघाली, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "मला घसरायचं नाही रे, पाहायचं आहे."

आम्ही वरमलो. आता खोली स्थानकालगतच पाहायची, आणि जानेवारीतील इन्फर्नो शर्यतीची गर्दी टाळून मार्चमध्ये निघायचे, असे ठरले आहे. मातोश्रींनी लोकरीचे मोजे विणावयास घेतले आहेत. पहिला जोड आम्हांस घट्ट होतो, हे अद्याप त्यांना सांगितलेले नाही.