आम्ही वरच्या घाटाच्या!

यवतमाळची लेक मुंबईला दिली की कधी ना कधी तिच्या कानावर शब्द येतोच, ‘घाटी’! म्हणणाऱ्याच्या मनात असतं, घाटावरची, म्हणजे गावंढळ. पण मैत्रिणींनो, त्यात लाजायचं काय?

जुन्या वऱ्हाडाचे भागच मुळी घाटावरून ओळखले जात. फारसीत ‘पाईन’ म्हणजे खालचा, ‘बाला’ म्हणजे वरचा. पूर्णेकाठचा काळ्या मातीचा सपाट मुलूख तो पाईनघाट, नि डोंगरावरचा आपला यवतमाळचा मुलूख तो बालाघाट. शकुंतला गाडी मूर्तिजापूरहून ११३ किलोमीटर धावून यवतमाळला यायची, ती खालच्या घाटातून वरच्या घाटात. गाडी बंद पडली, चढ मात्र तिथंच आहे. यवतमाळची उंची सुमारे ४४५ मीटर!

हाच घाट घाटपांडे या आडनावात ऐकू येतो, अन् खुद्द मुंबईच्या घाटकोपरातही! नदीवर धुणं धुतो तोही घाटच. दागिना सुबक असला तरी आपण म्हणतो, “घाट सुरेख आहे हो!”

तेव्हा लेकीला सांगून ठेवा. कुणी घाटी म्हटलं तर मान खाली घालू नकोस. “हो, आम्ही वरच्या घाटाच्या,” म्हणावं, नि हसत चहाचं आधण ठेवावं.