उरलेला एक तास

नातवाचे डोके मागून उजवीकडे चपटे झाल्याचे प्रथम माझ्याच हाताला जाणवले, न्हाऊ घालताना. बाळंतपण अमरावतीस माझ्याकडे झालेले. दोष आपलाच, असे मनाने घेतले. मोहरीची उशी शिवायला घेतली, तर डॉक्टरांनी ठाम नकार दिला. वर्षाच्या आतील बाळाला उशी नकोच, श्वास कोंडण्याची भीती असते. पाठीवर निजवणे मात्र योग्यच होते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ १९९२ पासून तेच सांगत आले आहेत. पण आमच्या खाटेच्या एकाच अंगाला खिडकी, आणि बाळाची मान सदैव उजेडाकडे!

मानेचे व्यायाम झाले, जागेपणी पालथे ठेवून झाले. सहाव्या महिन्यात, लेक सासरी अकोल्यास गेल्यावर, हेल्मेट आले. दिवसाचे २३ तास. अकोल्याचा तो उन्हाळा! लेक कूलरपुढे बसून त्याची मान पुसत असे. शेजारणी विचारीत, "पडला का हो?"

उरलेला तास आंघोळीचा. मी गेले की तो माझा. टाळू तेलाने भरायची नाही, हे पाळणे मला फार जड गेले. कोरड्या तळव्यानेच डोके कुरवाळायचे. तोवर लेक हेल्मेट आतून पुसून वाळवी, आणि ते पुन्हा मीच चढवीत असे.