न पिणारा उंदीर
मद्यपानाविषयी आपल्याकडे जे लिहिले-बोलले जाते त्यात पिणाऱ्याची मीमांसा विपुल असते. न पिणाऱ्याची चिकित्सा करण्याची गरज मात्र, त्याचा सद्गुण स्वयंसिद्ध मानला गेल्यामुळे, कोणाला भासत नाही. मी स्वतः मद्य घेत नाही, आणि केवळ तेवढ्या भांडवलावर आप्तेष्टांकडून, विशेषतः सोयरिकीच्या बैठकींत, जी स्तुती वाट्याला आली ती मी आजवर मुकाट्याने वसूल करीत आलो. परंतु हेलसिंकीच्या उंदरांचा वृत्तांत वाचल्यापासून या वसुलीचा माझा हक्क मलाच संशयास्पद वाटू लागला आहे.

फिनलंडमध्ये १९१९ पासून अमलात असलेली दारूबंदी १९३२ साली उठली, तेव्हा मद्यविक्रीचा मक्ता सरकारने ‘आल्को’ नामक आपल्याच कंपनीच्या हवाली केला. आणि पुढे योग असा आला की, दारू विकणाऱ्या त्याच संस्थेच्या प्रयोगशाळेत प्राणी दारू का पितो याचा शोध सुरू झाला. अबकारी उत्पन्नाच्या चोपड्यांशेजारी अशी जिज्ञासा नांदावी, हे मला त्या राज्यकारभाराचे भूषण वाटते. तेथे कालेर्वो एरिक्सन यांनी पांढऱ्या उंदरांपुढे साधे पाणी आणि १० टक्के मद्यार्क मिसळलेले पाणी अशी दोन पेये ठेवली. ज्यांनी स्वखुशीने मद्यार्क पत्करला त्यांची संतती एका बाजूस आणि ज्यांनी तो टाळला त्यांची दुसऱ्या बाजूस अशी पिढ्यान्‌पिढ्या निवड करीत त्यांनी पिणारा व न पिणारा असे दोन वंश सिद्ध केले, आणि १९६८ साली ते ‘सायन्स’ नियतकालिकात जाहीर केले. या उंदरांना वाईट संगत लागली नव्हती, कोणाचे दिवाळे वाजले नव्हते, की कोणाला कीर्तनातून उपरती झाली नव्हती.

न पिणाऱ्या वंशाच्या संयमाचे मर्म पुढे अंशतः उलगडले: मद्यार्काचे शरीरात विघटन होताना ॲसिटाल्डिहाइड हे जे तापदायक द्रव्य उत्पन्न होते, ते त्यांच्या रक्तात पिणाऱ्या वंशापेक्षा अधिक साचत असे. पूर्व आशियातील अनेकांचा चेहरा थोड्याशा मद्याने लाल होतो, त्याचेही कारण हेच द्रव्य. ज्याला घोट सोसतच नाही त्याने तो नाकारला, यात निग्रह किती आणि नाइलाज किती, याचा निवाडा कोणत्या दरबारात व्हावा?

उत्तरदायित्वच खोटे, असे मी म्हणत नाही. उंदराला पगाराच्या दिवशी गुत्त्यावरून घरी यावे लागत नाही. तरीही स्वीडनमधील लिंकोपिंग येथील संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग मनातून जात नाही. मद्यार्काची सवय लावलेल्या उंदरांपुढे त्यांनी गोड पाण्याचा पर्याय ठेवला, तेव्हा बहुसंख्यांनी मद्यार्क सोडला. सुमारे १५ टक्के मात्र त्यालाच, घोटाबरोबर विजेचा झटका बसत असतानाही, चिकटून राहिले. त्यांच्या मेंदूतील अमिग्डला या भागात ‘गाबा’ नावाचे रसायन उपसून नेणारे एक प्रथिन कमी आढळले. आणि गोडाकडे वळलेल्या सालस उंदरांत ते प्रथिन मुद्दाम घटविताच तेही मद्यार्काकडे वळले. मद्यासक्त माणसांच्या मरणोत्तर तपासलेल्या मेंदूंतही त्याच भागात तीच उणीव दिसून आली; त्या माणसांना हयातीत नातलगांनी जे काही सुनावले असेल, त्यात माझ्यासारख्या न पिणाऱ्या पाहुण्याचा दाखलाही अनेकदा दिला गेला असेल.